गॅलरीचं लोखंड

मी लवळ्यात भाड्यानं राहत होते, तेव्हाची, दोन हजार चार-पाचच्या आसपासची गोष्ट. विदर्भातून नोकरीला आलेली, पुण्याच्या एका ऑफिसात दिवसभर इमारतींचे ताण आणि दाब काढायची. संध्याकाळी तेच ज्ञान घरमालकांना ऐकवायची, कारण ऑफिसात माझं कुणी ऐकत नव्हतं. घरमालक काकांनी टेकडीवरची जमीन कॉलेजला विकून तिथं शिकणाऱ्या पोरांसाठी घरावर भाड्याच्या खोल्या काढायला घेतल्या होत्या. पुढे रस्त्याकडे झेपावणारी गॅलरी हवी होती आणि खाली खांब नको होता, तिथं नवी जीप लागायची. थोरल्या मुलाची वरात याच गॅलरीतून भावकीतल्या झाडून साऱ्या बायका बघणार, हेही ठरलेलं.

स्लॅब टाकायच्या सकाळी बघते तर गॅलरीच्या सळ्या फळ्यांलगत, अगदी तळाशी बांधलेल्या.

"काका, गॅलरीचं लोखंड वर पाहिजे."

"ताई, लोखंड खालीच असतंय. आख्ख्या गावात खालीच हाय."

मी शेवग्याची शेंग आणली. एक टोक भिंतीत रोवल्यासारखं मुठीत घट्ट धरलं, दुसरं खाली दाबलं. वरची साल तटकन फाटली. "बघा, वर ताण, खाली दाब. काँक्रीट दाब सोसतं, ताणाला मात्र कच्चं. ज्या अंगाला ताण, त्या अंगाला लोखंड."

काका विचारात पडले. मग म्हणाले, "शेंग जून हाय."

मिक्सर सुरू झाला. मागे मटण शिजत होतं, आणि स्लॅबच्या दिवशी रश्श्याला उकळी आल्यावर काम थांबवायची कुणाची टाप नसते.

मला संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. त्या गॅलरीत लेकुरवाळ्या बायका दाटीवाटीनं उभ्या राहणार होत्या. मी सगळी आकडेमोड कागदावर मांडून काकांना दिली. त्यांनी ती आदरानं बघितली आणि अक्षर चांगलं असल्याचं सांगितलं. शेवटी मी काकूंना गाठलं. त्यांनी एकच विचारलं, "पडंल का?"

"पडेल."

त्या घरातले निकाल चुलीपाशीच लागत. स्लॅब टाकताना गॅलरीखाली लावलेले टेकू वरात होईपर्यंत काढायचे नाहीत, असं ठरलं. जीप रस्त्यावर राहिली. टेकूंना झेंडूच्या माळा चढल्या, वरात आली, बायका गॅलरीत नाचल्यासुद्धा. काकांनी साऱ्या पाहुण्यांदेखत मला विचारलं, "काय ताई, कुटं पडली?"

दुसऱ्या दिवशी टेकू काढायला घेतले. मी भांडून सगळ्यांना लांब उभं केलं आणि शेवटचे टेकू दोर बांधून ओढायला लावले. गॅलरी भिंतीपाशी वरून तडकली आणि अख्खी खाली आली. धुरळा खाली बसला. काका पुढे झाले, तुटलेल्या कडेवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माजं." त्या क्षणी मला त्यांचा फार आदर वाटला.

त्यांना एखादी गोष्ट पटली की पटलीच. गावात कुठंही बांधकाम दिसलं की काका थांबून सांगायचे, लोखंड वर घ्या, आमच्या ताईंचा शब्द हाय. मीही फुशारले होते. एका रविवारी ते मला मोठ्या कौतुकानं घराच्या मागच्या अंगाला घेऊन गेले. तिथं चार भिंतींवर नव्या खोलीचा स्लॅब टाकून तयार होता. आता खोलीचा स्लॅब चारी बाजूंनी भिंतींवर टेकतो आणि मधे लवतो, म्हणजे त्याचा ताण येतो खालच्या अंगाला.

"ही खोली खास तुमच्यासाठी बांधलीया," काका म्हणाले. "लोखंड सगळं वर घेतलंय. खाली एक सळई घावली तर नाव बदला माजं!"