कात्री आत ठेवा, आजी

कात्रीवर पोट भरणारा आणि कात्रीलाच घाबरणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये एकच, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. बिन महमूद भागातल्या या इमारतीत सगळे त्याला डॉक्टर म्हणत, पण साध्या सर्दीचं औषध विचारलं तर मान खाली घालायचा. त्याचं काम पेशींचं. आपल्या हाडांच्या आत म्हणे काही पेशी वाढतात आणि अँटिबॉडी नावाचं हत्यार बनवायला स्वतःच्याच जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडतात. जोडणी जमली की कात्री बंद. ती कधी उघडायची, कधी मिटायची हे पेशीला कसं कळतं, एवढंच हा बाबा वर्षानुवर्षं शोधत होता. मी चौथी शिकलेली. म्हटलं, "म्हणजे गोधडीच की!" तो इतका खूश झाला, की तेव्हापासून दर शुक्रवारी सुट्टीला चहाला यायचा. टेबलावर कात्री दिसली, की चहाआधी ती ड्रॉवरमध्ये. "काम झालं ना? मग कात्री आत ठेवा, आजी. पेशीची उघडी राहिली तर कॅन्सरसुद्धा होतो." "अरे, मी दुधाची पिशवी कापत होते!" ऐकतो कुठला. एकदा सुनेच्या हातातून काढून घेतली. कोथिंबीर अर्धी राहिली.

त्याची बायको बाळंतपणाला साताऱ्याला गेली, तेव्हा त्याने वर्षापूर्वी गेलेल्या आईचं हिरवं लुगडं आणलं. म्हणाला, याची गोधडी शिवून द्या, बाळ इथे येईल तेव्हा माझ्या आईच्या लुगड्यावरच निजायला हवं. पण मी कात्री घेतली, की हा लुगडं उचलायचा. "पुढच्या शुक्रवारी, इन्शाल्ला." मुलगी झाली, मायलेकींची विमानाची तिकिटं निघाली, तरी लुगडं अखंडच. मी म्हटलं, "कापायचं नसेल तर घेऊन जा."

"चुकीचं कापलं गेलं तर?"

"तुझी पेशी चुकली तर काय करते?"

"जोडणी आपल्याच शरीरावर उलटणारी निघाली, तर परत कापून बघते."

"झालं मग."

"तरी नाही जमलं तर मरते, आजी."

"तू नाही मरत. धर."

कापलंन, ते तिरकं, थेट काठात. तोंड पांढरं पडलं बिचाऱ्याचं. मी तिथे माझ्या जुन्या पिवळ्या पातळाचं ठिगळ लावलं आणि गोधडी वेळेत पुरी केली. पोरीने पहिल्याच दिवशी नेमकं ते ठिगळ ओलं केलं.

आता ते लांब, वक्रा नावाच्या गावात मोठ्या घरात राहतात. बरंच झालं, पोरगी रांगते, जागा हवी. फोन येतो, शुक्रवारी येणं जमत नाही. मी चहा टाकते आणि कात्री मुद्दाम टेबलावर उघडी ठेवते. संध्याकाळी उठून मीच आत टाकते.