पिल्लांच्या खोलीतला टायमर

पिल्लं आली ती पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. खोक्यांना चारी बाजूंनी भोकं आणि प्रत्येक भोकातून एक चोच बाहेर. उंब्रजच्या स्टँडवर यष्टीतून ती खोकी उतरवून घेताना भोवती जत्रा जमली होती. मी सांगलीत वाढलेली, लग्न होऊन उंब्रजजवळच्याच एका गावात आलेली. सासरी म्हशी होत्या, ऊस होता, पण एवढ्या चिवचिवाटाचं धन आमच्या घरात पहिल्यांदाच येत होतं. सत्तरच्या दशकात आमच्या भागात पांढऱ्या कोंबड्या पाळायचं नवंच खूळ आलं होतं आणि आमच्या घरात ते खूळ कुणाच्या डोक्यात शिरलं असेल, तर सासूबाईंच्या.

त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अगं सूनबाई, कापसावानी लागतंय की गं! ह्याला अंडं कवा यायचं?"

"अजून पाच-सहा महिने तरी, आत्याबाई."

"येऊ दे, येऊ दे. आमी काय कुठं पळून चाललोय व्हय?"

गोठ्याच्या शेजारी एक जुनी कडब्याची खोली होती. ती झाडून, चुना मारून, खाली भुईमुगाच्या टरफलांचा जाड थर अंथरून आम्ही पिल्लांची खोली केली. थंडीचे दिवस होते. इवल्या पिल्लांना रात्रभर ऊब लागते, नाहीतर ती एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. सुरुवातीला आम्ही घमेल्यात निखारे ठेवायचो आणि मी नाहीतर सासूबाई आळीपाळीने जागायचो. सकाळी दोघींचेही डोळे लाल.

अशात माझे धाकटे दीर सुट्टीवर आले. ते मिलिटरीत होते, गाड्यांच्या वर्कशॉपात. त्यांना यंत्राचं वेड असं, की ट्रंकेतून कपड्यांआधी पाने-पक्कड निघायची. या खेपेला ट्रंकेतून एक गोल डबा निघाला. त्याच्या तोंडावर घड्याळासारखी तबकडी आणि कडेला दोन खुंट्या.

"वैनी, वळखा बघू, काय हाय?"

"गजराचं घड्याळ?"

"गजर न्हाई करत हे. काम करतंय!" ते म्हणाले. "टायमर म्हणत्यात ह्याला. ही खुंटी जितक्यावर लावाल तितक्याला लाईट आपोआप लागणार. ही दुसरी लावाल तवा आपोआप जाणार. किल्ली दिली की झालं. बल्बच्या उबेत पिल्लं ऱ्हातील, तुमी झोपा खुशाल."

सासूबाई डब्याभोवती फिरल्या, त्याला कान लावून टिकटिक ऐकली आणि म्हणाल्या, "मग आजच लाव की रं!"

त्या दिवशी आमच्या घरात जी धांदल उडाली, ती एखाद्या लग्नाला शोभली असती. पिल्लांच्या खोलीत वीज नव्हती. दिरांनी माजघरातल्या प्लगमधून वायर काढली, खिडकीतून अंगणात, अंगणातून गोठ्याच्या वाशांवरून पिल्लांच्या खोलीत नेली. वायर म्हणजे दिव्याला वापरतात तसली दोनपदरी, वळलेली. मध्ये दोन ठिकाणी जोड आले, तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळली. खोलीत लाकडी पाटीवर प्लग बसवून बोर्ड केला, बोर्डाला टायमर, टायमरला तीन-चार बल्ब. बरीच वायर उरली. ती कापायची कशाला, उद्या कामाला येईल, म्हणून तिचं वेटोळं करून कोपऱ्यात ठेवलं आणि पिल्लांनी चोची मारू नयेत म्हणून वर पोतं टाकलं.

दिवेलागणीच्या आधी सगळी आळी जमली. बायका दाराशी, पुरुष अंगणात, पोरं खिडकीला लटकलेली. तबकडी सरकत सरकत खुंटीपाशी आली, खट्ट असा आवाज झाला आणि कुणीही हात न लावता सगळे बल्ब एकदम लागले! पिवळ्याधमक उजेडात पिवळीधमक पिल्लं. पोरांनी जो गलका केला, त्याने पिल्लं बिचकून एका कोपऱ्यात गोळा झाली. सासूबाईंनी तर टाळ्याच वाजवल्या. माझे मालक एरवी भावाचं कौतुक तोंडावर कधी करायचे नाहीत, तेही म्हणाले, "गड्या, जमवलंस लेका!"

एवढं कौतुक झाल्यावर दीर तिथे थांबतील कसे? दुसऱ्या दिवशी थंडी वाढली, तशी त्यांनी कराडहून विजेची शेगडी आणली, तारेचं वेटोळं लालभडक होणारी. तीही बल्बांबरोबर त्याच टायमरला लावली. लावली तशी घरातला रेडिओ बंद. फ्यूज उडाला होता. त्यांनी नवी तार घातली, तीही उडाली. मग त्यांनी फ्यूजमध्ये चांगली जाड तार पिळून घातली आणि हात झटकले.

"आता बघू कशी उडतीया!"

ती उडाली नाही. आम्ही सगळे खूश. फ्यूज उडत होता तो आम्हाला काही सांगत होता, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्याच आठवड्यात पालला खंडोबाची यात्रा होती. पिल्लं आल्यापासून कुणी घर सोडलं नव्हतं. यंदा यात्रा चुकणार, असं धरून सासूबाई आठवडाभर उदास होत्या. पण आता टायमर होता! दिरांनी खुंटी संध्याकाळच्या आधीच्या वेळेवर लावली, आम्ही पिल्लांना दाणापाणी ठेवलं, गाडी जुंपली आणि भल्या सकाळी निघालो. सासूबाई वाटेत भेटेल त्याला गाडीतूनच सांगत होत्या, "आमच्यात टायमर हाय न्हवं! घरी कुणी न्हाई तरी लाईट लागती."

यात्रेत भंडारा असा उधळला होता की माणसं, बैल, रस्ता, नदीचं पाणी, सगळं पिवळं. दर्शन झालं, भेळ खाल्ली, बांगड्या भरल्या. दुपार कलली तशी सासूबाईंची चुळबुळ सुरू झाली.

"चला की रं आता."

"आये, आत्ता तर आलोय," दीर म्हणाले. "टायमर हाय की."

"आरं, त्यो लागताना मला बघायचाय!"

खरं सांगायचं तर मलाही बघायचाच होता. कुणी नसताना तो खरंच लागतो का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडत नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून असा लकडा लावला की पुरुषांना गाडी वळवावीच लागली. वेशीजवळ मालकांना आणि दिरांना कुणी ओळखीचं भेटलं, गाडी थांबली. सासूबाईंना तेवढाही दम नव्हता. "चल गं," म्हणाल्या आणि लुगड्याचा काष्टा सावरत खाली उतरल्या. आम्ही दोघी अंगाखांद्यावर भंडारा घेऊन अक्षरशः पळत घराकडे निघालो.

अंगणात शिरलो आणि पिल्लांच्या खोलीच्या फटीतून उजेड दिसला.

"लागला! लागला गं!" सासूबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या.

मी दार ढकललं आणि तो वास आला. रबर जळल्याचा, उग्र. पिल्लं शेगडीपासून लांब, पलीकडच्या भिंतीला चिकटून गच्च बसली होती. कोपऱ्यातल्या पोत्यातून धुराची बारीक रेघ वर चालली होती. मी दाराशी टेकवलेल्या काठीने पोतं उचकटलं, तर खालचं वायरीचं वेटोळं वितळून एकजीव झालेलं आणि भोवतालची टरफलं काळी पडून कडेने लाल व्हायला लागलेली.

सासूबाईंनी दाराशी भरून ठेवलेली पाण्याची कळशी उचलली.

"आत्याबाई, पाणी नका!" मी अशी किंचाळले की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आत वीज हाय! आधी मेन पाडते, तोवर काही करू नका, वायरीपाशी जाऊ नका!"

सांगलीत आमच्या शेजारणीने ओल्या हाताने इस्त्री धरली होती. तिच्या हाताची झालेली गत मी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून माझे वडील घरात एकच धोशा लावायचे: आधी खटका, मग बाकी सगळं. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलंच नाही. मी अंगण ओलांडलं, सोप्यात गेले, मेनच्या लोखंडी दांडीला हात घातला आणि खाली ओढली. पाठोपाठ माजघरातला प्लगही उपसून टाकला. परत येते तोवर वारा लागून कोपऱ्यात ज्वाळा उठली होती.

"पडलं का मेन?"

"पडलं!"

"मग हो बाजूला!"

सासूबाईंनी कळशी रिकामी केली आणि म्हशींच्या पाण्याच्या टाकीकडे धावल्या. मी चुलीची राख पाटीभर आणून ओतली. धुराने डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण भीती वाटायला वेळच नव्हता. आग दबली तसं सासूबाई ओरडल्या, "पोरं काढ! पोरं काढ बाहेर!"

पोरं म्हणजे पिल्लं. मी पदरात भरली, त्यांनी ओच्यात भरली. आरडाओरडा ऐकून शेजारच्या बायका आल्या, त्यांनी सुपं आणली, टोपल्या आणल्या, एकीने तर डोक्यावरचं पातेलं रिकामं करून त्यात पिल्लं घातली. बाहेर नेऊ तशी दोन-चार उड्या मारून पळायची, त्यांच्यामागे बायका धावायच्या. स्वयंपाकघरात चुलीभोवती आम्ही त्यांचा ढीग मांडला. काही धुराने मलूल झाली होती. सासूबाई त्यांना एकेक करून चुलीच्या उबेला धरत होत्या, फुंकर घालत होत्या, आणि एखाद्याने मान उचलली की आनंदाने ओरडत होत्या, "हे बघ, हे बघ, उठलं!"

गाडी अंगणात आली तेव्हा हा सगळा प्रकार चालू होता. दीर धावत खोलीत गेले आणि ते वितळलेलं वेटोळं हातात घेऊन बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"वैनी, मेन कुणी पाडलं?"

"मी."

"आणि पाणी?"

"मेन पाडल्यावर घातलं. आत्याबाई थांबल्या."

त्यांनी ते वेटोळं पायरीवर ठेवलं. "पातळ वायर, तिला शेगडीचा भार, त्यात वेटोळं, त्यात वर पोतं. उष्णता जाणार कुठं? फ्यूजनं लाईन तोडली असती, तर त्याची तारपण मीच जाड करून ठेवली. आमच्या वर्कशॉपात असं करणाऱ्याला मी सोडला नसता."

मालक काही बोलणार होते, पण सासूबाई आधी बोलल्या. तोंडाला भंडारा, त्यावर काजळी, हातात पिल्लू.

"आरं, तुझ्या टायमरला येळ कळती, पण वास कळत न्हाई. माणूस पायजे घरात. आता रडू नगंस. नीट कर."

त्यांनी खरंच नीट केलं. उरलेली सगळी सुट्टी त्यांनी त्यातच घालवली. तालुक्याचा परवानाधारक वायरमन बोलावला आणि स्वतः त्याच्या हाताखाली राबले. मेनपासून पिल्लांच्या खोलीपर्यंत वेगळी जाड लाईन आली, चिनीमातीच्या गट्ट्यांवरून, एकही जोड नसलेली. खोलीला स्वतःचा खटका आणि स्वतःचा फ्यूज, त्यात हवी तेवढीच बारीक तार. अंगणाच्या कडेला खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून अर्थिंग केलं. टायमर राहिला, पण फक्त बल्बांसाठी. शेगडी खोलीतून कायमची बाहेर गेली. आणि मला दिरांनी जवळ बसवून शिकवलं: कुठली वायर कशाला पुरते, प्लग गरम लागला तर काय समजायचं, मेन पाडल्याशिवाय फ्यूजला हात का लावायचा नाही. मी विचारत गेले, ते सांगत गेले. शाळेत विज्ञानाचा तास असा कधीच रंगला नव्हता.

चार-पाच पिल्लं गेली, बाकी जगली. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी सासूबाईंच्या हाकेने सगळी आळी जागी झाली. पहिलं अंडं! त्यांनी ते देवापुढे ठेवलं, मग घरोघर दाखवून आणलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न कडेगावला होतं. नवऱ्याकडच्यांनी मांडवाला लायटिंग केलं होतं, लाल, हिरवे, निळे बल्ब, आणि दारात बँड. आम्ही गाडीतून उतरलो, आणि सासूबाई एकदम थांबल्या. मांडवाच्या वायरी जमिनीवरून गेल्या होत्या, तिथे नुकताच सडा मारलेला, चिखल झालेला, आणि त्यावरून अनवाणी पोरं नाचत होती. एका जोडावरची पट्टी सुटून तांबं दिसत होतं.

"बँड थांबवा," सासूबाई म्हणाल्या.

मांडवातला एक मोठा माणूस हसत पुढे आला. "आवं विहीणबाई, मुहूर्त टळंल की!"

"टळू द्या. आधी लाईट बंद करा, त्या वायरी वर टांगा, मगच माझी लेक मांडवात यील."

मी मेन शोधायला निघालेच होते. आमचे मालक आणि नवऱ्या मुलाचे चुलते बांबू आणायला धावले. बँडवाल्यांनी वाद्यं बाजूला ठेवून बांबू रोवायला हात दिला. वायरी माणसांच्या डोक्यांवरून गेल्या, उघड्या जोडावर नवी पट्टी बसली, पोरं दोरीपलीकडे गेली. सगळं बघून झाल्यावर मी खटका वर केला. रंगीत बल्ब झगमगले, बँड पुन्हा दणदणला, आणि मांडवातले सगळे, नवरदेवासकट, टाळ्या वाजवत होते.