नात्यातली खोली

माझी धाकटी जाऊ छबूबाई कोल्हारला एसटीत बसली की राहाता यायच्या आत शेजारच्या बाईची आत्या नाहीतर मावशी होऊन जाते. "माहेर कुठलं म्हनायचं तुमचं?" एवढ्या एका प्रश्नावर ती अख्खा जिल्हा गुंफून काढते. उतरताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि कंडक्टर म्हणतो, "आज्जी, उरका, गाडी हाय ही, मांडव न्हाई." आम्ही तिला हसतो. पण तिच्या या गोड खोडीपायी मागच्या वर्षी आमच्या घरातली पोर शिक्षण सोडायच्या बेताला आली होती. ते लिहिते, कारण आता घरोघरच्या लेकी परगावी जातात आणि खोली बघायला आमच्यासारख्याच म्हाताऱ्या पुढं होतात.

छबूबाईची नात संस्कृती कोपरगावला नर्सिंगला लागली. तिचे आईबाप, राम आणि निकिता, पेरूची बाग सोडून जाणार कुठं? मग आजीच नातीबरोबर राहायला निघाली. भाड्यानं राहिलेलं आमच्या घराण्यात तोवर कुणी नव्हतं. आम्हा शेतकऱ्यांना वाटतं, दुसऱ्याच्या छपराखाली राहायचं म्हणजे पाहुणा होऊन राहायचं, आणि पाहुण्यानं पानात पडेल ते गोड मानायचं. छबूबाई पैसे देऊनसुद्धा पाहुणीच राहिली. सगळं तिथंच चुकलं.

खोली पहिल्याच दिवशी मिळाली. मालकीण गोदाक्का दारातच बसलेली. खोली दाखवायच्या आधी तिनं छबूबाईला चहा पाजला आणि छबूबाईचाच प्रश्न छबूबाईला विचारला.

"माहेर कुठलं गं तुझं?"

"घोडेगाव."

"अगं बया! माझ्या थोरल्या बहिणीची ननंद घोडेगावातच दिलीय की! म्हंजी आपून बहिणीच लागलो."

मग काय, खोली बघायची राहूनच गेली. म्हणजे बघितली, पण पाहुण्यांचं घर बघावं तशी, दारातून. संस्कृतीनं आपलं हळूच विचारलं, "भाडेकरार कधी करायचा?" तर गोदाक्कानं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"आजीच्या घरात राहायला नातीला कागद लागतो व्हय? आन् हे बघ छबू, आजच सामान टाका. उद्या दुसरी येनार हायेत, पन ती काय आपल्यातली न्हाईत."

छबूबाईनं डिपॉझिट पदराखालून दिलं, अगदी चोरून, जणू बहिणीला पैसे देताना कुणी बघू नये. पावती मागायचं तर नावच नको.

पुढं फोनवर ती "समदं बरं हाय" म्हणायची, पण आवाज एका जागी नसायचा. कधी जिन्यातून बोलायची, कधी रस्त्यातून, मध्येच "थांबा बाई, गोदाक्का आल्या" म्हणून फोन ठेवायची. जिचा फोन एकदा बोलायला लागली की कानाला चिकटतो, ती दोन वाक्यांत आटपायला लागली. मला काही चैन पडेना. दिवाळी झाल्यावर मी पिशवी उचलली आणि कोपरगाव गाठलं.

खोलीत जाऊन टेकते न टेकते तोच गोदाक्काचा लेक बजरंग हाक न मारता आत आला. "टाकी बघतो," म्हणाला आणि आमच्या मधून वाट काढत मागच्या दारानं गच्चीवर गेला. गच्चीचा जिना त्या खोलीतूनच होता! परतताना पुन्हा तसाच गेला. पोरगा नजरेचा वाईट नव्हता. पण पोरगी अंघोळ करून केस पुसत असताना कुणी "टाकी बघतो" म्हणत आत शिरलं, तर तो चांगला का वाईट याचा विचार कुणी करत बसायचा?

मी दाराकडं बघितलं. आतून कडीच नव्हती. जिथं असायला पाहिजे तिथं भोकं होती, साबण भरून बुजवलेली. म्हणजे कडी होती, कुणीतरी काढली होती.

"छबू, ही भोकं तुला दिसली न्हाईत?"

"दिसली हो. नंतर दिसली." ती उभ्या उभ्याच बोलत होती, उगीच भांडी इकडची तिकडं करत. "ईचारलं मी. म्हनल्या, घरच्याच मानसांत कडी कशाला?"

संस्कृती रात्री दाराला ट्रंक लावून झोपायची. दिवसा गोदाक्का गल्लीतल्या बाया घेऊन यायची, "आमची नात नर्स हाय, घ्या बीपी बघून." कुणाचं बीपी, कुणाच्या गुडघ्याला मालिश, कुणाला गोळ्यांची नावं वाचून दाखव. जरा पुस्तक घेऊन बसली की खालून पाण्याचा कॉक बंद, आणि "नातबाई, खाली ये गं जरा" अशी हाक. खाली गेलं की पाणी सुरू.

पोरगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "मोठ्या आजी, सोमवारपासून पेपर आहेत. माझं काहीच झालं नाही. मी कोर्स सोडते. पप्पांना तुम्ही सांगा."

छबूबाईच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"अगं, मग दुसरी खोली बघा की," मी म्हणाले.

"बाई, माझी जीभ उचलंना." छबूबाईचे डोळे भरले. "भावाला फोन केल्ता मी. रंगनाथ म्हनला, नातं खरं हाय. ती ननंद हाय गावात, मारुतीच्या देवळामागं ऱ्हाती. हितं भांडले तर तिथं समद्यांस्नी कळंल."

नातं खोटं असतं तर बरं झालं असतं हो. खऱ्या नात्यानंच घोडं अडवलं होतं.

संध्याकाळी तिला घेऊन मी मुद्दाम कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत गेले. ज्या घरात राहायचं, त्याची खबर मालकाला विचारून मिळत नाही. गिरणीवाल्या बाईला विचारलं, आधी त्या खोलीत कोण होतं?

ती पीठ झटकत हसली. "गोदाक्काकडं भाडेकरू येतच न्हाईत, आज्जी. बहिनी, भाच्या न् नातीच येत्यात. तुमच्या आधी एक प्रणिता म्हनून हुती, ब्यांकेत. ती भाची. तिनंच कडी लावून घेतल्ती सोताच्या पैशानं. ती गेल्यावर काढली."

"अगं, मग आमाला सांगायचं न्हाई का?" छबूबाई कळवळली.

"कसं सांगावं? तुमी सख्ख्या नात्यातल्या, असं गोदाक्काच सांगत फिरती. म्हनलं, आपून कशाला बहिनीबहिनीत?"

छबूबाई तिथंच ज्वारीच्या डब्यावर बसली. तिचं तोंड बंद होतं म्हणून ती झुरत होती. त्याच नात्यानं अख्ख्या गल्लीचं तोंड बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी खोल्या बघायला निघालो. मी छबूबाईला बजावलं, माहेर काढायचं नाही. ती ओठ असे आवळून चालली की कुणाला वाटावं दाढ दुखते. एका ठिकाणी पांढऱ्याशुभ्र भिंतीला हात लावला तर बोटाला ओल आणि नवा चुना. कपाट सरकवा म्हटलं तर मालक सरकवेना. निघालो. दुसरीकडं "आत्ताच्या आत्ता पैसे द्या" सुरू झालं. तिथूनही निघालो. घाई लावणाऱ्याच्या खोलीला काहीतरी लपवायचं असतं, एवढं आता छबूबाईलाही कळलं होतं.

तिसरी खोली सुमंत मास्तरांची. मास्तर रिटायर झालेले, बोलणं मोजकं. पाणी विचारलं नाही, चहा तर लांबच. आधार कार्ड मागितलं, करार काय असेल ते सांगितलं आणि किल्ली हातात देऊन म्हणाले, "बघा सावकाश. खाली भाडेकरू आहेत, त्यांना काय विचारायचं ते विचारा. मी बाहेर थांबतो."

छबूबाई माझ्या कानात कुजबुजली, "बाई, मानूस लई कोरडा वाटतो."

"मानूस कोरडा असू दे. भिंत कोरडी हाय का बघ."

भिंत कोरडी होती. नळ तिनं स्वतः सोडून बघितला. खालच्या बाईला पाण्याचं विचारलं, लाईटबिलाचं विचारलं, मालक वर कधी येतात तेही विचारलं. ती म्हणाली, "फोन करून येतात, न्हाई तर येत न्हाईत." मग दारात येऊन छबूबाईनं मान खाली घालून, पण विचारलं, "मास्तर, दुसरी किल्ली कुनाकडं?"

"माझ्याकडं आहे. नको असेल तर कुलूप तुमचं लावा."

छबूबाईनं मान वर केली. असं उत्तर असतं हे तिला माहीतच नव्हतं.

आता राहिली गोदाक्का. रात्रभर छबूबाई या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी टेम्पो दारात उभा राहिला तशी गोदाक्का बाहेर आली.

"हे काय गं छबू? बहिनीला न सांगता?"

"सांगायलाच आले. डिपॉझिट द्या, मावशी. खोली सोडतोय."

इतके दिवस बहीण म्हणून 'अक्का' म्हणायची, आज कुणाही परक्या बाईला म्हणावं तसं 'मावशी' म्हणाली, तिथंच मला कळलं की बाई पक्की झाली.

"आपल्यात हिशेब व्हय? पोरीच्या लग्नात मीच आहेर करीन की तेवढ्याचा, सोन्यासारखा!"

छबूबाईनं पदर कमरेला खोचला.

"लग्नाला या. आहेर करू नका, मीच तुमाला लुगडं नेसवीन. नातं खरं हाय, ते मी मोडत न्हाई. पन खोली भाड्याची हुती, तिचे पैसे द्या."

"घोडेगावला कळंल तुझं हे!"

"कळू द्या. मीच फोन करून सांगते, कडी का काढली ते बी सांगते."

गल्लीतल्या बाया उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. गिरणीवाली मुद्दाम पुढं येऊन थांबली. गोदाक्कानं आत जाऊन पैसे आणले, पण भिंतींच्या रंगाचे म्हणून बरेचसे कापून घेतले. मी भांडायला पुढं झाले तर छबूबाईनं मला मागं ओढलं. "ऱ्हाऊ द्या बाई. कागद न्हाई आपल्याकडं. तेवढी किंमत मला बसू द्या."

टेम्पो हलला. छबूबाई गादीच्या वळकटीवर बसून पुटपुटत होती, रंगनाथ काय म्हणेल, त्या नणंदेला काय वाटेल. तिच्या शेजारी संस्कृतीनं ट्रंक उघडून पुस्तक काढलं आणि उन्हात डोळे बारीक करून वाचायला लागली. पेपर सोमवारी होता, आणि ती देणार होती. छबूबाईनं बघितलं, पुटपुटणं थांबवलं. पदर पसरून पोरीच्या डोक्यावर धरला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर मूठ आपटली.

"ए भाऊ, खड्डे बघून चालीव! पोरगी वाचतीया."