उरलेली किडनी

तेव्हा नागपुरात सोनोग्राफी नवीच आली होती. डॉक्टर पडद्यावर दोन खुणा करत आणि मशीन आपोआप किडनीचं माप दाखवे. माझी एक किडनी धाकट्या भावाला द्यायची होती. तपासणीसाठी घाबरून बाकावर बसले होते. शेजारी बसलेल्या काटोलच्या बाईंनी आधीच लेकाला किडनी दिली होती. त्या तपासणी करून बाहेर आल्या, त्या तोंडाला पदर लावून हसतच.

"काहून भिऊन राहिली वं? माही उरलेली किडनी मोठी झाली म्हणे! एकटीच दोघींचं काम करून राहिली."

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जाय, दे भावाले."

त्यांचं नाव मी विचारलंच नाही. पुढं कितीतरी भाऊबिजांना भावाला ओवाळताना आधी त्याच आठवल्या.