रस्ता इथे का वाकला?

ताईची ज्यूरी आहे असं कळलं तेव्हा आईने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "काय केलंय तिने?"

माझी हसून पुरेवाट झाली. मग समजावलं, की नगररचनेच्या कॉलेजात शेवटच्या परीक्षेलाच ज्यूरी म्हणतात. भिंतीवर आपले नकाशे टांगायचे, बाहेरून आलेली जाणकार मंडळी समोर बसणार आणि चुका काढणार. "म्हणजे तेच झालं," आई म्हणाली. शब्दाचा अर्थ तिला कळला नाही तरी वास बरोबर येतो.

ताई मुळातच भित्री. बाहेर पडली की गॅस बंद केलाय ना ते बघायला परत येणार, आणि खाली उतरली की कुलूप लागलंय ना ते बघायला पुन्हा वर जाणार. किल्लीवाल्याची मुलगी आणि कुलपावर विश्वास नाही! खाली बाबांचं किल्ल्यांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. मी दुकानात बाबांच्या हाताखाली. मी तिला चिडवायची, भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून. पण एकदा तो खरंच आला. भर दुपारी बाबांच्या छातीत कळ आली आणि ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडकली. आत शिरेचना. समोरच्या गादीवाल्या काकांनी दुकानातली नवी कोरी गादी ओढली, बाबांना तिच्यावर निजवलं, हाका मारून माणसं गोळा केली आणि पळतच त्यांना गाडीपर्यंत नेलं. बाबा वाचले. काकांनी ती गादी परत मागितली नाही. बाबा अजून तिच्यावरच झोपतात.

तेव्हापासून ताईला गल्लीचीच भीती बसली. पदवीनंतर बरी नोकरी चालून आली होती, ती सोडून तिने नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासाला नाव घातलं. त्यांच्या नकाशात घरं पिवळी आणि दुकानं निळी रंगवतात. थोड्याच दिवसांत ती आम्हालाही "खाली निळं, वर पिवळं" म्हणू लागली. म्हटलं, शिकली म्हणायची ही!

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी तिने आमचाच भाग मागून घेतला. गल्ली रुंद करून ॲम्ब्युलन्स आत येईल असा रस्ता आखायचा. सुरुवातीला स्वारी खुशीत होती. मग तिचं जेवण सुटलं. ताटावर बसायची आणि दोन घासांत उठायची. शेवटी एकदा ती अंघोळीला गेली असताना मी तिच्या टेबलावरचा ट्रेसिंग पेपर उचलून पाहिला. मला नकाशातलं फारसं कळत नाही, पण स्वतःचं घर कुणालाही सापडतं. नव्या रस्त्याची रेघ मोठ्या रस्त्यापासून सरळ निघाली होती आणि आमच्या दुकानावरून, जिन्यावरून, आईच्या ओट्यावरून पार पुढे गेली होती.

ती बाहेर येताच मी कागद तिच्यासमोर धरला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"हळू बोल. बाबा ऐकतील."

"अभ्यासापुरतंच आहे ना हे?"

ताई नख कुरतडत होती. "ज्यूरीला नगरपालिकेचे साहेब येतात. मागच्या वर्षी एकाचा बाजाराचा नकाशा आवडला, तर घेऊन गेले. आता तिथे खुणेचे दगड पुरलेत."

रोज पाठ टेकून बसते ती भिंत मला एकदम कागदासारखी वाटायला लागली.

"मग काढ ना जरा बाजूने!" मी ओरडलेच.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर रेघ आमच्या दाराशी येऊन अंग चोरून वळली होती आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ झाली होती. माझा जीव भांड्यात पडला. ताई मात्र तरीही जेवेना.

ज्यूरीच्या दिवशी थर्माकोलचं मॉडेल धरायला तिने मला बरोबर नेलं. परीक्षक म्हणून एक निवृत्त बाई आल्या होत्या, नगररचना खात्यात जन्म घालवलेल्या. शेजारी नगरपालिकेचे साहेब, मोबाइलमध्ये डोकं घालून. ताई बोलत होती आणि मधेच तिचा आवाज बसत होता. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग उठून नकाशापाशी आल्या आणि पेन्सिलचं टोक नेमकं त्या वळणावर ठेवलं.

"रस्ता इथे का वाकला?"

ताई हातातली पट्टी चाचपू लागली.

"विहीर आहे? जुनं झाड? चढ?"

"नाही."

"अगं, मग सांग ना. इतकी वर्षं रेघाच बघत आले मी. रेघ उगीच वाकली की तिथे कुणीतरी राहत असतं. कोण राहतं इथे?"

"आम्ही," ताई म्हणाली.

मागे बसलेली मुलं फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल उचलली आणि गल्लीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. आमच्या समोरच्या चौकोनात ती रेघ अर्ध्यापर्यंत घुसली होती.

"आणि इथे?"

त्या एवढ्याशा चौकोनात मला कापसाचा ढीग दिसला, काका दिसले.

"गादीवाले काका," ताई म्हणाली. "माझ्या बाबांना यांनीच उचलून नेलं होतं."

तिने टेबलावरचा कोरा ट्रेसिंग पेपर घेतला, नकाशावर चिकटवला, पट्टी लावली आणि रेघ ओढली. सरळ. ताई, नको, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी मान हलवली आणि कागदावर 'उत्तम' लिहिलं. साहेबांनी मोबाइल कधीच खाली ठेवला होता.

"ही शीट आमच्याकडे द्या," ते म्हणाले. "ट्रेसिंगसकट."

मॉडेल घेऊन आम्ही परत आलो. गल्लीत गादीवाले काका पायरीवर गादी टाकून वाटच बघत होते. "ये पोरी, पाठ टेक जरा. दमलीस. झाला का तुझा रस्ता? आता येईल ना ॲम्ब्युलन्स आत?"

"येईल, काका."

दुकानात बाबांची कानस चालू होती. जिन्यावरून आईने वाकून विचारलं, "सुटलीस का गं?"

"मी सुटले," ताई म्हणाली आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली. तिला वर जायची भीती वाटत होती. मीही तिच्याशेजारी बसले.