राहिलेला ठिपका

वंदनाताई गेली तेव्हा मी स्मृती नगरातल्या आमच्या ऑफिसचं कुलूप उघडत होते. तिच्या भावाचा फोन. "मीनू, ताई गेली वं," एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी कुलूप हातात धरून जिन्यातच बसले. कारखान्याचा भोंगा वाजला, खाली दूधवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, आणि मला वाटत राहिलं की आता ताई वर येईल, धापा टाकत म्हणेल, "कावून बसली वं अशी?"

कावून, म्हणजे का... हा तिचा शब्द. तिचे वडील विदर्भातून या हिंदी मुलखात आलेले, इथल्या कारखान्याच्या गेटपासच्या खिडकीवर कारकून. पास असला तर माणूस आत, नसला तर परत. पण परत पाठवताना का पाठवतो ते नीट सांगायचं, ही त्यांची शिस्त. लेकीनं तीच उचलली. आम्ही दोघी छोट्या दवाखान्यांसाठी नोंदणीचं सॉफ्टवेअर लिहायचो, पायथॉनमध्ये. दवाखान्यातला माणूस मोबाईलवर पेशंटची माहिती भरतो, ती विनंती होऊन आमच्या खिडकीशी येते. नाव आहे? वय आकड्यात आहे? फोन नंबर पूर्ण आहे? सगळं ठीक असेल तर आत, नाहीतर परत. हे तपासणारे नियम ताईचे. नुसतं 'चूक' असं उत्तर मी कधी लिहिलं की भडकायची. "अगं, कावून चूक ते सांग ना! माणूस काय देवाले विचारीन?"

आणि त्या नियमांच्या चाचण्या! खोट्या विनंत्या ती इतक्या प्रेमानं रचायची की हसून पोट दुखायचं. वयाच्या जागी 'लय म्हातारा' लिहिणारे आजोबा, फोनच्या जागी घरचा पत्ता देणाऱ्या मावशी. नियमानं त्यांना बरोबर परत पाठवलं की चाचणी पास. रोज सकाळी चहाआधी सगळ्या चाचण्या चालवायच्या. पास झालेल्या प्रत्येक चाचणीचा पडद्यावर एक हिरवा ठिपका पडतो, दुसरं काही नाही. ठिपक्यांची ओळ सरकत गेली की ती खुर्चीत रेलून, डोळे अर्धे मिटून म्हणायची, "चला, रांगोळी घालून झाली. आता उघडा दार." खिडकीतून कोवळं ऊन यायचं, चहा उकळत असायचा... त्या सकाळी संपतील असं कधी वाटलंच नाही.

मग तिचं दुखणं सुरू झालं. तपासणीला ती आमचंच सॉफ्टवेअर असलेल्या एका दवाखान्यात गेली होती. तिथं जवळच्या अहिवाऱ्याकडून आलेली एक म्हातारी बाकावर बसून होती. नाव सुकवारो. आडनाव नाही. काउंटरवरचा माणूस पुन्हा पुन्हा भरत होता आणि आमची खिडकी पुन्हा पुन्हा तिला परत पाठवत होती. "मोर त एकेच नाव हे, बेटी," म्हातारी आपल्या बोलीत ताईला म्हणाली, माझं तर एकच नाव. आडनाव हवंच, हा नियम ताईचाच होता. आपल्या घरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन डब्यांची गाडी. एका डब्याचीही असते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांना सांगून तिनं म्हातारीला आत नेलं आणि तिथून थेट ऑफिसात आली. चेहरा उतरलेला. आधी चाचणी लिहिली: सुकवारो, एकच नाव, आत गेली पाहिजे. चालवली. अर्थातच नापास, लाल. "राहू दे लाल. उद्या मी आली की नियम बदलवतो," म्हणाली.

ताई दुसऱ्या दिवशी आलीच नाही. आधी दवाखाना, मग...

त्यानंतर रोज सकाळी ठिपक्यांच्या रांगेत तेवढी एक जागा लाल व्हायची आणि खाली ताईनं लिहून ठेवलेला शेरा उमटायचा: 'सुकवारोले कावून परत पाठवलं?' आमचे साहेब म्हणाले, "मीनू, वो टेस्ट हटा दो ना, रोज फेल दिखती है." मी हटवली नाही. बदलवलाही नाही नियम. अर्ध्या ओळीचं काम होतं, पण हात चालेना. ती लाल आहे तोवर ताई रोज सकाळी माझ्याशी बोलते, हे कुणाला सांगणार? वेड्यात काढलं असतं.

एका सकाळी दवाखान्यातून फोन आला. "मैडम, एक अम्मा आई हैं, सरनेम नहीं है, ले नहीं रहा. क्या करूँ?" मागे कुणीतरी खोकत होतं. पडद्यावर ताईचा प्रश्न तसाच होता, आणि आज तो मलाच विचारलेला होता. रडत रडत मी नियम बदलवला. आडनाव नसेल तर परत पाठवा, ही तिचीच जुनी चाचणी पुसावी लागली, तेव्हा तर फारच जिवावर आलं. मग चालवलं. ठिपके पडत गेले, आणि त्या जागीही एक पडला.

आता रोज सकाळी सुकवारो आमच्या खिडकीशी येते, आपलं एकच नाव सांगते. ठिपका पडतो. ताई काही बोलत नाही. तिचं 'कावून' एकदा दिसावं म्हणून तो जुना नियम परत घालावा, असं एखाद्या दिवशी फार फार वाटतं... घालत नाही. म्हातारी आत गेलेली असते.