आखाजीला खणलेलं मैदान

सुरतेत, उधन्याच्या कॉलेजात मी उभं आयुष्य कबड्डी आणि खो-खो शिकवला. हरलो की माझं शिकवणं कच्चं, जिंकलो की संस्थेचं नाव मोठं. ढाली प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जायच्या, खरचटलेले गुडघे माझ्याकडे. निवृत्तीला शाल दिली. सुरतेत कापडाचा काय दुष्काळ!

तरीही मी रोज सकाळी मैदानावर जात राहिलो. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधली आमची खानदेशी पोरं पाळी संपवून थेट तिथं यायची, नखांत रंग तसाच. खोलीवर पाय पसरायला जागा नाही, निदान इथं पळायला माती होती. संस्थेला त्या मातीवर नवी इमारत हवी होती. मी आडवा आलो. पोरं आणि त्यांचे बाप माझ्यासोबत गेटवर उभे राहिले, तेव्हा जेसीबी मुकाट्यानं परत गेला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला खानदेशी माणूस सुरतेत शोधून सापडत नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांची घागर भरायची असते. सगळे गावाला पळाले, त्यांच्याबरोबर मीही. मैदानावर राखण ठेवावी, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही.

परत आलो तर मैदान नव्हतं. पत्रे ठोकलेले, आत भलामोठा खड्डा, कडेला मातीचे ढिगारे. पोरं पत्र्याच्या फटीतून बघत होती.

संस्थेच्या शेठलोकांना आखाजीचं काय ठाऊक? हा मुहूर्त काढून देणारा आमच्यातलाच होता. खोदाईचा ठेका माझ्या कबड्डी संघाच्या जुन्या कॅप्टनकडे होता. नवागामच्या एका खोलीत सात जणांत वाढलेला, माझ्या घरी जेवलेला, माझ्या पोरापेक्षा माझा लाडका. मला बघून तो गाडीतून उतरला.

"आखाजीच का निवडलीस?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "सर, तुम्ही समोर व्हतात तर मन्हा हातच नही चालता. म्हनीसन आखाजीले काम धरं."

म्हणजे माझी लाज होती त्याला. म्हणूनच माझी पाठ वळायची वाट बघितली. मी शिव्या देणार तोच तो वाकून पाया पडला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात त्याच्या डोक्यावर गेला. पत्र्यापाशी उभ्या पोरांनी तो आशीर्वाद पाहिला. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कुणी आलं नाही.